दोन देशांचं पाणी

"मग मास्टर, कुठला देश ठरला?" असं कुणी विचारलं की माझा भाऊ हिलाल सांगायचा, "पाण्यावर आहे." विचारणाऱ्याला वाटायचं, हा काहीतरी खोल बोलतोय. माझा भाऊ खोलबिल बोलणाऱ्यांतला नाही. त्याला खरोखरचं पाणीच म्हणायचं असायचं, नळाचं, बोअरिंगचं, बाटलीत भरून आणता येईल असं.

हिलाल सुरतेजवळ पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगमास्टर होता. पांढरं कापड आत येतं आणि रंगून बाहेर जातं, त्या मधल्या सगळ्या भानगडीचा मुख्य माणूस तो. व्यापारी बोटभर चिंधी आणून देतो, "मास्टर, आ कलर जोईये" म्हणतो, आणि हा डबे उघडून तस्साच रंग कापडावर उतरवून देतो. या धंद्यात उमेदीची सगळी वर्षं घातल्यावर त्याचं एक मत पक्कं झालं होतं. रंग तोच, कापड तेच, मशीन तेच असलं तरी पाणी बदललं की शेड बदलते. इथवर ठीक होतं. पण पुढं पुढं त्याला वाटायला लागलं की पाण्यावरून सगळंच कळतं. माझं लग्न जमवताना त्यानं माझ्या सासरच्या गावी जाऊन आधी विहिरीचं पाणी चाखलं आणि मग मुलगा पाहिला. मुलगा बरा निघाला, पाणी मचूळ होतं. आजही माझ्या नवऱ्याचं काही चुकलं की हिलाल त्या विहिरीचं नाव काढतो.

तर अशा माणसाला एकाच दिवाळीत दोन देशांतून बोलावणं आलं. त्याच्या शेठचा मेहुणा केन्यात कापडाची मिल चालवत होता आणि शेठचा भाचा टांझानियात. दोघं दिवाळीला सुरतेत आले, दोघांनी पलसाण्याला येऊन हिलालचं काम बघितलं आणि दोघांनीही "आमच्याकडे चल" म्हणून गळ घातली. त्या दोघांचं आपसात फारसं पटत नसावं, कारण एकानं विचारलंय हे कळल्यावर दुसऱ्याचा आग्रह वाढला. उत्तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत द्यायचं होतं.

जायचं, हे मात्र घरात आधीच ठरलं होतं. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं सुरत रिकामी झाली, तेव्हा आम्हीही पोरंबाळं घेऊन शिरपूरकडच्या आमच्या गावी पळालो होतो. परत आल्यावर हिलालचं मन सुरतेत पहिल्यासारखं लागलं नाही. पोरांपैकी कुणी नुसतं खोकलं तरी तो कामावर जायचा नाही, पोराच्या कपाळावर हात ठेवून बसायचा. त्याला इथून निघायचं होतं. कुठल्या देशात, एवढाच प्रश्न होता.

आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न देशाचा नव्हताच. तो आमच्या मायचा होता.

केन्याच्या शेठनं एका खोलीचं क्वार्टर देऊ केलं होतं. नवरा-बायको आणि दोन पोरं, बस. टांझानियाचा शेठ म्हणाला होता, घर दोन खोल्यांचं आहे, पुढं अंगण आहे, आईलाही घेऊन ये. म्हणजे हिलाल केन्याला गेला तर माय गावी जाणार, आमच्या मोठ्या काकांच्या घरी, भाऊबंदांत. टांझानियाला गेला तर ती त्यांच्याबरोबर जाणार. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. हिलालला, प्रमिलावहिनीला, मला, आणि मायला तर सर्वांत आधी. पण एकाच्या तोंडून हे निघेल तर शपथ! सगळे आपले हवेवर बोलायचे. केन्याची हवा थंड आहे म्हणे. टांझानियाला समुद्र आहे म्हणे. केन्यात शाळा चांगल्या. टांझानियात आंबे पुष्कळ. सिंह दोन्हीकडे.

मी हिलालच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, सुरतेत पर्वत पाटियालाच राहायचे. एकदा मी हिलालला सरळ म्हटलं, "मायला माझ्याकडे राहू दे की."

"आंडेरना घर माय ठेवसू त भाऊबंद मना तोंडमा शेन घालतीन," तो म्हणाला.

लेकीच्या दारात आईला ठेवून स्वतः परदेशी गेलेला मुलगा, हे त्याच्यानं सोसलं नसतं. मी पुढं बोलले नाही. भाऊबंद हे आमच्याकडचं जागृत देवस्थान आहे. आपण कुठंही असलो तरी ते आपल्याकडे बघत असतं, आणि नवस कधी फेडला नाही हे त्याला बरोबर आठवतं. सुरतेत आमच्या कुळाची निम्मी घरं लूमवर आणि डाइंगमध्ये कामाला आली, तर देवस्थानही त्यांच्याबरोबर गाडीत बसून आलं.

माय स्वतः काय म्हणत होती? काही नाही. मीराबाई तिचं नाव. अंगानं चिमुकली, आवाजानं मोठी, पण या एका बाबतीत तिचा आवाज बसला होता. एकदाच तिनं विचारलं, हे दोन देश एकमेकांपासून किती लांब आहेत? हिलाल म्हणाला, लांब कसले, चिकटून आहेत, मध्ये नुसती हद्द.

"म्हंजे नवापूरगत," माय म्हणाली. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात, हे गावी येता-जाता तिनं कितीदा पाहिलं होतं. "मंग इतला काय इचार करतस? इकडना बाकवर बसा, नहीते तिकडना बाकवर बसा."

एवढं बोलून ती भाकरी थापायला गेली. हिलालनं माझ्याकडे बघितलं आणि मी भिंतीकडे.

शेवटी हिलालनं त्याच्या पद्धतीनं मार्ग काढला. प्रोसेस हाउसला रंग आणि केमिकल पुरवणारा बन्सीलाल म्हणून एक व्यापारी होता. धंद्यासाठी तो फाल्गुनात दोन्ही देशांत जाणार होता. हिलालनं त्याला सांगितलं, दोन्ही मिलमधलं पाणी एकेक बाटली भरून आण. बन्सीलाल पोट धरून हसला. "अरे मास्टर, लोग उधर से घड़ी मंगवाते हैं, चाय मंगवाते हैं, तू पानी मंगवाता है?" पण माणूस भला. चैत्रात परत आला तो दोन बाटल्या घेऊनच. लाल बुचाची केन्याची, निळ्या बुचाची टांझानियाची.

त्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मी तिथंच होते. हिलालनं बाटल्या दोन्ही हातांनी धरून घरात आणल्या. पाणी आहे म्हणून पाण्याजवळच ठेवल्या, मोरीशेजारच्या फळीवर, हंडा-कळशीच्या रांगेत. मग वहिनीला बजावलं, पोरांना बजावलं, मला बजावलं, की रविवारी सुट्टी आहे, तेव्हा मी या पाण्यात रंग काढून बघणार, तोवर कुणी हात लावायचा नाही. त्यानं स्वतःही एक थेंब चाखला नाही. चाखलं की मन आधीच एकीकडे कलतं म्हणाला. परीक्षा कशी अगदी निष्पक्ष व्हायला हवी!

"नुसता रंग काढीसन काय व्हस?" प्रमिलावहिनी म्हणाली. वहिनी तशी सरळ, पण कमरेला पदर खोचला की तिच्यासमोर मास्टरचंही चालत नाही. "तुमना रंग काय माले खावाना शे? मी त्या पानीमा दाय शिजाडसू. ज्या पानीमा दाय शिजत नही, तठे माले नेवू नका."

हिलालला ते पटलं. पटणारच, त्याच्याच धर्मातली गोष्ट होती. जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. ठरलं की प्रत्येक बाटलीतलं अर्धं पाणी रंगाला आणि अर्धं डाळीला.

रविवारी सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. घरात लग्नघरासारखी गडबड होती. हिलालनं दाराशी स्टोव्ह मांडला होता, शेजारी दोन सारखी पातेली, सारख्या कापलेल्या दोन पांढऱ्या चिंध्या आणि राणी रंगाची पुडी. राणी म्हणजे तो भडक गुलाबी. तो म्हणायचा, राणी रंग लबाडी लपवू देत नाही, पाण्यात खोट असली की लगेच तोंड पाडतो. आत वहिनीनं दोन पातेल्यांत मोजून डाळ घातली होती. पोरांना शेजारी पिटाळलं होतं. माय बाहेर ओट्यावर सुपात गहू घेऊन निवडत बसली होती. आतल्या गडबडीकडे तिनं पाठ केली होती.

आधी डाळ झाली. वहिनीनं पळी फिरवली आणि तिचा चेहरा उजळला. "देखा! टांझानियानी दाय कशी लोण्यासारखी व्हयनी. केन्यानी देखा, दाना दाना मोकया." मी वाकून पाहिलं. टांझानियाचं पातेलं गॅसवर होतं आणि केन्याचं जुन्या वातीच्या स्टोव्हवर, जो आधीच आजारी माणसासारखा जळायचा. मी तोंड उघडलं, पण वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटून घेतलं.

मग रंग झाला. हिलालनं चिंध्या धुतल्या, पिळल्या, वाळवल्या आणि दोन्ही हातांत एकेक धरून दारात उजेडाला उभा राहिला. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याला तो मास्टर मानत नाही. डोळे बारीक केले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, चिंध्यांची अदलाबदल केली.

"केन्याना रंग देख, कसा खुलना," तो म्हणाला. "टांझानियाना दबेल शे. दबेलच. पानी जड शे तठलं."

मला दोन्ही चिंध्या सारख्या दिसल्या. तसं मी म्हटलंही. "तुले काय समजस?" तो म्हणाला. बरोबर आहे, मला काय समजणार, मी मचूळ पाण्याच्या घरातली.

"जड?" वहिनी पळी घेऊन दारात आली. "ज्या पानीमा दाय लोणी व्हयनी ते जड? खाई देखा!"

त्यानं दोन्ही पातेल्यांतली डाळ चाखली. "दोन्ही सारखी शे," म्हणाला.

"तुमन्या चिंध्या बी दोन्ही सारख्या शेत!"

"तुले शेड दिसत नही!"

"तुमले चव समजत नही!"

आवाज चढले. एकाला दुसऱ्याच्या हातातला फरक काही केल्या दिसेना आणि स्वतःच्या हातातला सोडवेना. आणि एवढं भांडतानाही दोघं पाण्यावरच भांडत होते, ही माझ्या घरच्यांची कमाल. तो म्हणे जड, ती म्हणे हलकं. तो म्हणे टांझानियात माझा एकही माल धड उतरायचा नाही, ती म्हणे केन्यात माझी पोरं अर्धपोटी राहायची. ओट्यावर गहू निवडणाऱ्या बाईचं नाव कुणी घेईना.

शेवटी तीच सूप बाजूला ठेवून आत आली. "कसानं पानी? कोनतं पानी म्हंतस इतला येळना?"

"त्या बाटल्यासमानं, माय," मी म्हटलं. "परदेशानं."

"त्या लाल नि निया बुचन्या? फळीवरन्या?" माय म्हणाली. "ते त मी रोज बदलस."

हिलालच्या हातातल्या चिंध्या हलायच्या थांबल्या. "काय करस?"

"बदलस. सकायले नय उना का शियं पानी तुयसले टाकस नि ताजं भरी ठेवस. शुक्रवारले बदलं, कालदिन बदलं, आज बी बदलं." ती वहिनीकडे वळली. "भरेल घरमा शियं पानी ठेवतस का कोनी? तुमले दिसत नही म्हनीसन माले करनं पडस."

"माय, तुले कोनी सांगं नही का हात लावू नको म्हनीसन?"

"माले कोन सांगी?" ती म्हणाली.

खरं होतं. गुरुवारी त्यानं घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं, तिला सोडून. आणि शिळं पाणी ही तर मायची राजवट. नळ आला की ती सगळ्यांच्या आधी उठायची, रात्रीचं पाणी एका थेंबापर्यंत ओतून द्यायची, भांडी घासून ताजं भरायची. देवाच्या तांब्यापासून पोरांच्या शाळेच्या बाटल्यांपर्यंत तिच्या हातून काही सुटत नसे. मग परदेशाच्या बाटल्या कशा सुटतील? केन्या आणि टांझानिया दोन्ही शुक्रवारी सकाळीच आमच्या तुळशीच्या मुळाशी गेले होते.

मी हसायला लागले. पोट धरून हसले, पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. सुरतेच्या नळाला पाणी तापीचं. आमच्या शिरपूरकडच्या गावाखालून जाते तीच तापी. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते दोन देशांचं पाणी म्हणजे आमचंच, लहानपणापासून प्यालेलं पाणी!

हसता हसता माझ्या लक्षात आलं की आणखी कुणीच हसत नाही.

दोन्ही बाटल्यांत एकच पाणी होतं. मग माझ्या भावाला चिंध्यांत जो फरक दिसला तो कुठून आला? वहिनीला डाळीत जो लागला तो कुठून आला? पाण्यात तर नव्हता. वहिनीला टांझानिया हवा होता, म्हणजे माय हवी होती. आणि हिलालला केन्या हवा होता. इतके दिवस कुणी न बोललेली गोष्ट भर दिवसा घराच्या मध्यभागी येऊन बसली, आणि ती कुणी बोललं म्हणून नव्हे, तर दोन चिंध्यांमुळे. मला हिलालचा इतका राग आला की ती पातेली उचलून त्याच्या अंगावर टाकावीत असं वाटलं.

मायला कळायला वेळ लागला नाही. तिनं पुढं होऊन त्याच्या हातातली एक चिंधी घेतली, बोटांत फिरवली.

"ही केन्यानी का?" तिनं विचारलं. "ही खुलनी?"

हिलाल, एवढा दांडगा माणूस, दाराच्या उंबऱ्यावर मटकन बसला.

"आते बोला," वहिनी म्हणाली. आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "पानी एकच व्हतं. आते पानीवर नका बोलू."

"मी तुले टाकाले नही देखत, माय," हिलाल म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "देवनी आन. माले वाटस, तू आपला मानसेसमा ऱ्हाय. बाप गया तव्हय काय झायं, तुले याद शे ना? गावथीन भाऊबंद टरक करीसन उनात. खांदा देवासाठे मानसे एकमेकले सरकाडत व्हतात. माले खांदा देवाले जागा भेटे नही." त्यानं डोळे पुसले. "तठे कोन शे? मी एकटा. तुले तठे काही व्हयनं त चौथा सोड, दुसरा खांदा कोठून आनू? परका लोके उचलतीन तुले. ना आपला गावना, ना आपला कुयना. इतला दिन झायात, माले तेच दिसस."

आणि तो रडला, चिंध्या तोंडावर धरून, हुंदके देऊन. माझा राग तिथंच गळून पडला. मी त्याला निर्दय समजत होते आणि तो बिचारा दिवाळीपासून मनातल्या मनात आईची तिरडी एकट्यानं उचलत होता. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. लोकांदेखत तिनं असं कधी केलं नव्हतं.

माय उभीच होती. तिनं विचारलं, "तठे आपला भाऊबंद एकबी नही?"

हिलालला वाटलं ती घाबरली. "एकबी नही, माय."

"शिरपूरकडला बी कोनी नही? वयखीना?"

"कोनीच नही."

"सोयरा? सोयरासना सोयरा?"

"नही ना, माय! तेच त सांगी ऱ्हायनू."

मायनं चिंधीची घडी घातली आणि ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिच्या कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका आहे, लहानपणी टोचलेला. तेवढाच एक तिच्या कपाळावर उरलेला. त्यावर तिनं अंगठा ठेवला.

"मंग मी येसू," ती म्हणाली.

"तुना बाप गया त्या दिन तुना काकूसनी मना हातमानं काकनं फोडं," माय सांगायला लागली. आवाज अगदी साधा, जणू गव्हाचा भाव सांगतेय. "ते चालनंच. सगयासनं व्हस. पन तैनपासून लगीनमा मी मांगे. नवरीले हयद लावाले माले कोनी बलावत नही. ओटी भराले बलावत नही. पलेगना साले आपू काकाना घर उतरनूत ना, तव्हय त्यासनी सूनना डोहाया व्हतात. तुले मालूम नही, तू बाहेर मानसेसमा बसेल व्हता. माले सांगं, मीराबाई, तू जरासी गोठामा जाईसन बस, बाया येवाव शेत. मी बसनू. ढोरेसजोडे. आतमा गाना व्हतात, माले सगया येतस त्या गाना."

वहिनीनं तोंडाला पदर लावला.

"तू म्हनस तठे मी आपला मानसेसमा ऱ्हासू. आपला मानसेसले माले देखताच याद येस का ही कोन शे. तठे कोनले मालूम ऱ्हाई? तठे मी नुसती एक बाई. हिलालनी माय. बस." तिनं हिलालच्या गुडघ्यावर हात ठेवला. "खांदा मरावर लागस, भाऊ. कपाय त माले आज बी शे."

माझ्या आईला काही हवंसं वाटत असेल, हेच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही तिला न्यायची की ठेवायची एवढंच बोलत होतो. बोलत तरी कुठं होतो!

माय वहिनीकडे वळली. जरा लाजलीच म्हणायची. एवढ्या वर्षांत मी तिला लाजताना पाहिलं नव्हतं.

"का वं प्रमिला, तठे टिकली भेटस का? का आठूनच लई जावानी?"

वहिनी नुसती मान डोलावत होती आणि डोळ्यांतलं पाणी पुसत होती. मग हिलाल उंबऱ्यावरून उठला. राणी रंगाच्या हातांनी तोंड पुसल्यानं त्याचे दोन्ही गाल गुलाबी झाले होते, आणि ते त्याला ठाऊकही नव्हतं. तो मायसमोर उकिडवा बसला आणि तिच्या कपाळाकडे बघत राहिला, मघाशी चिंध्यांकडे बघत होता तसा, डोळे बारीक करून.

"कोनता रंगनी जोयजे, माय?" त्यानं विचारलं.